धरणाच्या अहवालासोबत त्याची मेशही मागा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. तेव्हापासून जुन्या मातीच्या धरणांची मजबुती हा नागपुरात चहाच्या टपरीवरही निघणारा विषय झाला आहे. धरण असो, उड्डाणपूल असो की पाण्याची उंच टाकी, मोठ्या बांधकामाची तपासणी आता सर्रास संगणकावर फायनाइट एलिमेंट पद्धतीने होते, म्हणजे बांधकामाचे लहान लहान तुकडे (एलिमेंट) पाडून त्यांवर गणित केले जाते. खात्याच्या हाती पडतो तो रंगीत चित्रांचा जाडजूड अहवाल. ती चित्रे ज्या मेशवरून, म्हणजे तुकड्यांच्या जाळ्यावरून, निघाली, ती मेश मात्र बहुतेक वेळा सल्लागाराच्या संगणकावरच राहते, आणि तीही एकाच सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा फाइलमध्ये. लायसन्स संपले किंवा आवृत्ती बदलली की ती उघडत नाही. काही वर्षांनी पाण्याची पातळी बदलून तेच गणित पुन्हा करायचे म्हटले, तर नव्या सल्लागाराला श्रीगणेशापासून सुरुवात करावी लागते आणि त्याचे पैसे पुन्हा करदाताच भरतो.

आमची मागणी अशी की सार्वजनिक कामाच्या प्रत्येक विश्लेषण-अहवालासोबत मेश खुल्या स्वरूपात घ्यावी, आणि शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत सॉफ्टवेअरची बटणे शिकवण्याआधी मेश आणि सॉल्व्हर (मेशवरचे गणित सोडवणारा प्रोग्राम) यांच्यामधला इंटरफेस, म्हणजे माहिती देण्याघेण्याची ठरलेली पद्धत, शिकवावा. नुसती फाइल मागून भागत नाही. एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जाताना मेश कुठे कुठे बिघडते हे माहीत नसेल, तर खुली फाइलही दिशाभूल करते. म्हणून थोडे तपशिलात लिहीत आहोत.

मेशच्या फाइलमध्ये मुळात तीनच गोष्टी असतात: नोडचे, म्हणजे जाळ्यातल्या बिंदूंचे, निर्देशक, कोणत्या नोडांनी मिळून कोणता एलिमेंट झाला याची यादी, आणि गटांची नावे, म्हणजे गाभा, केसिंग (गाभ्याभोवतीचा भराव), पाया, पाण्याकडचा उतार वगैरे. सॉल्व्हरला मात्र याहून बरेच काही विचारायचे असते. या त्रिकोणाच्या शेजारी कोण आहे? ही कड आतली की हद्दीवरची? तिचा बाहेर जाणारा लंब कोणत्या दिशेला? याची उत्तरे फाइलमध्ये नसतात, काढावी लागतात. कृती सोपी आहे. प्रत्येक त्रिकोणाच्या तिन्ही कडा घ्यायच्या, कडेच्या दोन टोकांचे क्रमांक आधी लहान मग मोठा असे लावायचे आणि एका यादीत टाकत जायचे. जी कड दोनदा सापडली ती आतली. एकदाच सापडली ती हद्दीवरची. तीनदा सापडली तर एलिमेंट एकमेकांवर चढले आहेत, काम तिथेच थांबवायचे. घन मेशमध्ये कडेच्या जागी पृष्ठभाग घ्यायचा, बाकी कृती तीच.

हे काम प्रत्येक सॉल्व्हरने आपापल्या पद्धतीने करायचे, ही जुनी रीत. तिची किंमत मोठी आहे. पाच मेशर (मेश तयार करणारे प्रोग्राम) आणि सहा सॉल्व्हर असतील तर जोडीला एक याप्रमाणे तीस कन्व्हर्टर लागतात. मध्ये एक ठरलेला इंटरफेस असेल तर अकरा जोडण्या पुरतात. जर्मन विद्यापीठांतून पुढे आलेल्या ड्यून या प्रणालीचा असा सर्वसाधारण इंटरफेस २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. गणित लिहिणाऱ्याने मेशकडे फक्त ठरलेले प्रश्न विचारायचे. मेश चौकोनी जाळ्याची आहे, त्रिकोणांची आहे की कित्येक प्रोसेसरांवर वाटलेली आहे, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत सुरू झालेल्या मोआबमध्ये हेच चार कल्पनांवर उभे आहे: घटक, घटकांचे संच, त्यांना चिकटवलेली माहिती, आणि या सगळ्याला हाताळणारा इंटरफेस. आर्गॉन प्रयोगशाळेच्या पेट्सी या गणिती लायब्ररीमधले डीएमप्लेक्स तर शिरोबिंदू, कड, पृष्ठभाग आणि घन या सगळ्यांना एकाच क्रमावलीत बसवते आणि कोण कोणाच्या हद्दीवर आहे एवढेच नाते साठवते. त्यामुळे दोन मितींसाठी लिहिलेला कोड फारसा हात न लावता तीन मितींत चालतो. मध्यस्थ आला की वेग जातो, ही शंका रास्त आहे. लाखो एलिमेंटांवर एकेक प्रश्न विचारत बसले तर वेळ जातोच. ड्यूनने त्यावर सी प्लस प्लसच्या टेम्प्लेटचा उपाय केला: कोणती मेश वापरायची ते कंपाइल करतानाच ठरते, प्रत्यक्ष धावताना मध्यस्थाचा भार जवळजवळ उरत नाही. मोआबमध्ये एकेका घटकाऐवजी घटकांचे गठ्ठे मागता येतात.

याचा धरणाशी थेट संबंध आहे. मातीच्या धरणावर निदान दोन विश्लेषणे करावी लागतात. आधी पाझराचे; त्यात दर नोडला एकच अज्ञात असते, पाण्याचा हेड (दाब आणि उंची मिळून होणारी पातळी). मग ताणाचे आणि स्थिरतेचे. काटछेदावर काम करताना त्यात दर नोडला दोन अज्ञाते, आडवे आणि उभे विस्थापन. पाझराला तीन नोडांचा त्रिकोण पुरतो. ताणाला सहा नोडांचा घ्यावा, कारण तीन नोडांचा त्रिकोण वाजवीपेक्षा ताठर वागतो आणि संपृक्त मातीचे आकारमान जवळजवळ बदलेनासे झाले की आणखीच आखडतो. आता फाइलला नुसते ‘नोड’ एवढेच माहीत असेल, तर कोपऱ्याचा नोड कोणता आणि कडेच्या मधला कोणता हे तिला सांगता येत नाही. मग पहिल्या प्रोग्राममधला पाण्याचा दाब दुसऱ्यात उतरवताना हाताने जुळवाजुळव होते आणि घोळ तिथेच होतो. चांगला इंटरफेस शिरोबिंदू, कडा आणि त्रिकोण यांची वेगवेगळी मोजदाद ठेवतो. पाझरासाठी शिरोबिंदूवर एक अज्ञात, विस्थापनासाठी शिरोबिंदूवर दोन आणि कडेवर दोन, एवढे सांगितले की दोन्ही गणिते एकाच मेशवर बसतात आणि दाब जिथला तिथे पोहोचतो.

नोडांचा क्रम ही सर्वांत फसवी जागा. घन मॉडेलमध्ये वापरला जाणारा दहा नोडांचा चतुष्फलक घ्या. चार कोपरे, सहा कडांवर सहा मध्यनोड. कोपऱ्यांना ०, १, २, ३ म्हणू. पहिल्या चार मध्यनोडांबद्दल सगळ्यांचे एकमत आहे: ०-१, १-२, २-० आणि ०-३ या कडांवरचे. पुढे जीमेश हा मेशर आधी २-३ आणि मग १-३ लिहितो; व्हीटीके ही चित्रणाची लायब्ररी आणि ॲबॅकस हा सॉल्व्हर आधी १-३ आणि मग २-३. कन्व्हर्टरने शेवटच्या दोघांची अदलाबदल केली नाही, तर एका कडेचा मध्यबिंदू दुसरीवर जाऊन बसतो आणि एलिमेंट आतून पिळला जातो. सॉल्व्हर कडक असेल तर ‘जेकोबियन ऋण आला’ (म्हणजे एलिमेंट कुठेतरी उलटा झाला) म्हणून थांबतो. कडक नसेल तर उत्तर देऊन मोकळा होतो. बाहेरून मेश पाहणाऱ्याला बहुधा काहीच कळत नाही, कारण पडद्यावरचे चित्र अनेकदा कोपऱ्यांवरूनच काढलेले असते. उपाय म्हणून प्रत्येक मध्यनोड आणि त्याच्या कडेच्या दोन टोकांचा मध्यबिंदू यांतले अंतर काढावे. सरळ कडांच्या मेशमध्ये ते कडेच्या लांबीपुढे नगण्य असले पाहिजे. अदलाबदल राहून गेली असेल तर हे अंतर कडेच्या लांबीच्या जवळपास निम्मे निघते, म्हणजे चूक लपूच शकत नाही.

चार नोडांच्या चौकोनात आणि आठ नोडांच्या ठोकळ्यात दुसरा सापळा आहे. काही प्रणाली कोपरे गोल फिरून मोजतात; डील-टू आणि फेनिक्सएक्स या प्रणाली ओळीने मोजतात, म्हणजे खालचे दोन डावीकडून उजवीकडे आणि वरचे दोनही डावीकडून उजवीकडे. एकाचा क्रम दुसऱ्याला तसाच दिला तर चौकोन स्वतःलाच छेदून डमरूच्या आकाराचा होतो. एक एकक बाजूचा चौरस असा चुकवून त्याचे क्षेत्रफळ गॉसच्या चार बिंदूंनी (सॉल्व्हर जिथे मूल्ये काढून बेरीज करतो ते ठरलेले बिंदू) काढले, तर दोन बिंदूंवर धन, दोनांवर ऋण आणि बेरीज बरोबर शून्य येते. म्हणून मेश वाचल्यावर सगळ्या एलिमेंटांचे क्षेत्रफळ किंवा घनफळ बेरजेने काढून ते मूळ आराखड्याशी ताडून पाहावे. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

आता नागपूरकरांनी खास लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. ड्रोन किंवा डीजीपीएस सर्वेक्षणाचे निर्देशक सहसा यूटीएम या मीटरमधल्या नकाशा-पद्धतीत येतात आणि आपला जिल्हा ४४ क्रमांकाच्या उत्तर पट्ट्यात आहे. इथे उत्तरेचा निर्देशक साधारण तेवीस लाख चाळीस हजार मीटरच्या आसपास असतो, म्हणजे दशांशचिन्हाच्या आधीच सात अंक. नास्त्रान या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरची फाइलरचना पंच कार्डांच्या काळातली आहे: ऐंशी रकान्यांची ओळ, आठ-आठ अक्षरांचे दहा कप्पे. सात अंक आणि एक दशांशचिन्ह लिहिले की कप्पा भरला. पुढच्या अंकांना जागाच नाही, त्यामुळे प्रत्येक नोड पूर्ण मीटरवर सरकतो. अर्ध्या मीटरचे एलिमेंट एकमेकांवर जाऊन बसतात आणि मेशर निर्दोष असूनही ‘शून्य क्षेत्रफळ’ अशा तक्रारी येऊ लागतात. बायनरी फाइल वापरली म्हणून सुटका होते असे नाही. निर्देशक एकेरी अचूकतेत (सुमारे सात अंकांपुरत्या) साठवले, तर तेवीस लाखांच्या आसपास दोन लगतच्या आकड्यांमधले अंतरच पाव मीटर असते. पंचवीस सेंटिमीटरची पायरी असलेल्या मेशवर गाळणीच्या वाळूचा थर दाखवणे व्यर्थ आहे.

यावर मार्ग म्हणजे मेश करण्याआधीच स्थानिक आरंभबिंदू घ्यावा. पूर्वेच्या निर्देशकातून आणि उत्तरेच्या निर्देशकातून एकेक पूर्णांक वजा करावा आणि वजा केलेले दोन आकडे फाइलच्या पहिल्या ओळींत टीप म्हणून लिहावेत, म्हणजे नंतर नकाशावर परत बसवता येते. नास्त्रानच वापरायचे असेल तर सोळा अक्षरांचा रुंद कप्पा वापरावा. बायनरीत नेहमी दुहेरी अचूकता.

गटांची नावे हरवणे हा रोजचा त्रास. जीमेशमध्ये एकही फिजिकल ग्रुप (नाव दिलेला गट) केला नाही तर सगळे एलिमेंट फाइलमध्ये जातात; पण एक जरी केला, तरी फक्त ग्रुपमधलेच एलिमेंट लिहिले जातात. उत्साहाने ‘पाण्याकडचा उतार’ असा हद्दीचा ग्रुप करावा आणि मातीच्या भागांचे ग्रुप करायचे विसरावे, की फाइलमध्ये नुसत्या कडा उरतात, आत एकही त्रिकोण नाही. सॉल्व्हर म्हणतो मेश रिकामी आहे. सगळे साठवण्याचा पर्याय चालू केला तर एलिमेंट येतात, पण कोणता गाभ्याचा आणि कोणता केसिंगचा ही ओळख येत नाही. खरा उपाय म्हणजे प्रत्येक भागाला आणि प्रत्येक हद्दीला नाव देणे. नावे रोमन लिपीत, बिगर रिकाम्या जागेची आणि छोटी ठेवावीत, कारण काही वाचक लांब नाव कापतात आणि मग दोन गट एक होतात. फक्त पृष्ठभागाचे त्रिकोण साठवणाऱ्या एसटीएल फाइलमधून मेश नेणाऱ्यांनी तर गटांची आशाच सोडावी. तिच्यात हद्दींची नावे टिकवण्याची सोय जवळजवळ नाही.

हद्दीच्या लंबाची दिशा चुकली तर पाणी धरणाला ढकलण्याऐवजी ओढते. हद्दीवरची कड फाइलमध्ये कोणत्या क्रमाने लिहिली आहे, त्यावरून लंब काढू नये. कड ज्या त्रिकोणाची आहे त्या त्रिकोणाच्या आतून बाहेर पाहून काढावा. चांगला इंटरफेस तो असाच देतो. ताळा असा: पाण्याची खोली दहा मीटर असेल तर उतार कितीही असो, धरणाच्या एक मीटर लांबीवर आडवा दाब ४९०.५ किलोन्यूटन आला पाहिजे. मेशवरून काढलेली बेरीज याच्या जवळ नसेल किंवा उलट चिन्हाची असेल, तर पुढचे एकही चित्र पाहू नये.

दोन भाग वेगवेगळे मेश करून जोडले की सांध्यावर दुहेरी नोड राहतात. चित्रात सांधा अखंड दिसतो, गणितात तिथे भेग असते. गाभा आणि पाया यांच्यामध्ये अशी भेग राहिली तर पाझर पायात उतरतच नाही आणि गळती कमी असल्याचे सुखावणारे उत्तर मिळते. वर सांगितलेल्या कडांच्या यादीने हे लगेच सापडते: आतल्या जागी एकदाच आलेली कड म्हणजे भेग. नोड एकत्र करताना किती अंतरापर्यंतचे एकत्र करायचे ते सर्वांत लहान कडेच्या हिशेबाने ठरवावे, तिच्या शंभराव्या भागाहून जास्त नको. मोठे अंतर दिले तर पातळ थराचे वरचे आणि खालचे नोडच एक होतात.

धरणाच्या पायथ्याशी, जिथे पाणी बाहेर पडते, तिथे मेश बारीक करावी लागते. बारीक केली की दोन प्रश्न येतात. मोठ्या चौकोनाच्या कडेवर मधोमध लहान चौकोनाचा कोपरा लोंबकळतो. त्या नोडचे मूल्य मोकळे सोडायचे नसते. साध्या एलिमेंटांत ते कडेच्या दोन टोकांच्या सरासरीइतके बांधायचे असते. ड्यूनमध्ये म्हणूनच ‘कड’ विचारण्याऐवजी दोन शेजाऱ्यांचा ‘छेद’ विचारतात, म्हणजे एका मोठ्या कडेला दोन लहान शेजारी आपोआप मिळतात. दुसरा प्रश्न क्रमांकांचा. गणितासाठी शून्यापासून सलग अनुक्रमांक लागतो आणि मेश बारीक होताच तो बदलतो. मातीचा प्रकार या अनुक्रमांकाला बांधलेला असेल, तर बारीक केल्यावर गाभ्याची चिकणमाती केसिंगमध्ये जाऊन बसते. कायमचा ओळखक्रमांक वेगळा ठेवावा आणि माहिती त्याला किंवा गटाला बांधावी. मेशच्या फाइलमधले क्रमांक सलग असतीलच असे गृहीत धरू नये. जीमेश आणि नास्त्रान दोघांच्याही फाइलमध्ये मध्ये गाळलेले क्रमांक चालतात.

एककांबद्दल थोडक्यात. मेशच्या बहुतेक फाइल एकक सांगत नाहीत. मिलिमीटरमधली मेश मीटर समजून वाचली आणि भार फक्त दाबाच्या रूपात असला, तर ताणाचे चित्र हुबेहूब बरोबर येते आणि फक्त विस्थापन हजार पट होते. स्ववजन असेल तर ताणही हजार पट होतो. पहिला प्रकार जास्त धोक्याचा, कारण तपासणारा सहसा ताणच पाहतो.

या सगळ्यासाठी महागडे काही लागत नाही. मेश करायला जीमेश, एका स्वरूपातून दुसऱ्यात नेऊन पाहायला पायथनमधली मेशआयओ, सोडवायला कॅल्क्युलिक्स किंवा कोड-ॲस्टर, बघायला पॅराव्ह्यू. सगळी मोफत आणि खुली आहेत. महाविद्यालयातल्या साध्या संगणकावर काटछेदाचे मॉडेल काही सेकंदांत सुटते. विद्यार्थ्याला एक मेश द्यावी, त्याने ती एका प्रोग्राममध्ये वाचून दुसऱ्यात न्यावी आणि दोन्हीकडे पॅच टेस्ट करावी: हद्दीवर रेषीय विस्थापन लादायचे आणि वेड्यावाकड्या एलिमेंटांतही विकार (आकारातला सापेक्ष बदल) सगळीकडे सारखाच येतो का ते पाहायचे. नोडांचा क्रम किंवा दुहेरी नोड यांतले काही चुकले असेल तर बहुतेक वेळा इथेच उघडे पडते. अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला प्रबंधासोबत ही फाइल जोडणे बंधनकारक केले, तर पुढच्या वर्षीचा विद्यार्थी तिथून पुढे जाऊ शकेल.

मॉडेल ही आमची बौद्धिक संपदा आहे, असे काही सल्लागार म्हणतात. मातीच्या गुणधर्मांची सांगड घालण्याची त्यांची पद्धत आणि त्यांनी लिहिलेले प्रोग्राम खुशाल त्यांच्याकडे राहोत. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या धरणाचा आकार आणि त्याची विभागणी ही कोणाची गुपिते नव्हेत.

महापालिका, जलसंपदा आणि बांधकाम खात्यांनी निविदेत एक कलम घालावे. त्यात मेश जीमेशच्या मजकूर स्वरूपात, मेड किंवा एक्झोडस या खुल्या स्वरूपांत, अथवा कॅल्क्युलिक्सला वाचता येईल अशा इनपुट फाइलमध्ये मागावी. सोबत एका पानावर स्वरूपाची आवृत्ती, एकक, वजा केलेले निर्देशक, गटांची नावे आणि प्रत्येक गटाचे क्षेत्रफळ असावे. त्याच पानावर एकूण घनफळ, सर्वांत कमी जेकोबियन, एकदाच सापडलेल्या आतल्या कडांची संख्या, पाण्याच्या दाबाची आडवी बेरीज, आणि आधारांच्या प्रतिक्रियांची उभी बेरीज भागिले (वजन अधिक उतारावरच्या पाण्याचा उभा दाब), हे पाच आकडे लिहावेत. एकदाच सापडलेल्या आतल्या कडांची संख्या शून्य आणि शेवटचा भागाकार एक आला नाही तर अहवाल परत पाठवावा, आणि बिल त्यानंतरच काढावे.

कळावे,
संगणकीय विश्लेषणाचे काम करणारे काही अभियंते,
नागपूर